मीटरच्या खोलीची किल्ली

प्रति,
माननीय कुलगुरू, कुलसचिव आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

पर्यावरण सप्ताहाचं परिपत्रक यंदाही सूचनाफलकावर लागलं. ‘विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने सहभागी व्हावे’ हे त्यातलं शेवटचं वाक्य. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, या परिसरातलं माझं हे सहावं वर्ष, आणि त्या वाक्याला मान देऊन मी दर वर्षी गेले आहे. शपथ घेतली, फेरीत चालले, खड्डे खणले, भित्तिपत्रकं रंगवली. म्हणून ‘सहभाग’ या शब्दाबद्दल चार गोष्टी आपल्यापुढे ठेवायचा मला थोडाफार हक्क आहे असं मी मानते. बंद पाकिटातून पाठवता आलं असतं. पण ज्यांच्याबरोबर हे सगळं केलं त्यांनीही वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

पहिल्या वर्षीचं सांगते. ग्रंथालयामागच्या मोकळ्या जागेत आम्ही रोपं लावली. ५ जून हा पर्यावरण दिन आपल्याकडे सुट्टीत येतो, म्हणून परीक्षा संपली त्याच दिवशी कार्यक्रम उरकून घेतला होता. प्रत्येक रोपाशेजारी लावणाऱ्याच्या नावाची पाटी. फोटो झाले आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या घरी गेले. सुट्टी संपवून परतले ती सामान खोलीवर टाकून थेट तिकडे गेले. माझ्या नावाची पाटी ताठ उभी होती आणि शेजारी बोटाएवढी वाळकी काडी. सगळीच रोपं गेली नव्हती. जी जगली होती ती भिंतीवरच्या नळाभोवती अर्धगोलात उभी होती, कुणी कंपासने आखल्यासारखी. माळीमामांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. पाण्याचा पाइपच तेवढा लांब होता. तो पोचला तिथवर रोपं जगली. त्यापुढे बादलीने पाणी न्यायचं तर माणसं दोन आणि त्यांच्याकडे अख्खी बाग. “लावायला एवढी पोरं आली, पाइप वाढवून द्या म्हणायला कुणी नाही आलं,” मामा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र ते लागलं, कारण त्या पोरांत मी होते.

तेव्हापासून मी आणि आमच्या गटातली सात-आठ जणं नवं रोप लावायच्या आधी पाइप कुठवर पोचतो ते बघायला लागलो.

दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या गच्चीवरची टाकी. माझी खोली शेवटच्या मजल्यावर आहे. अभ्यासासाठी जागायचे तेव्हा रात्री दोनच्या सुमाराला गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज यायचा, आणि तो पाऊस नसायचा. एका रात्री आम्ही दोघी बादली आणि घड्याळ घेऊन टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपखाली बसलो. १५ लिटरची बादली ४० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साडेबावीस लिटर, तासाला १,३५० लिटर. टायमरवरचा पंप बंद व्हायला दोन तास गेले. एका रात्रीत २,७०० लिटर पाणी गटारात, आणि ते गच्चीवर चढवायला लागलेली वीज वेगळीच. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा बॉलकॉक झिजला होता, एवढंच. पाणी सोडणाऱ्या काकांना ते चार महिन्यांपासून ठाऊक होतं. त्यांनी तीनदा तोंडी सांगितलंही होतं. पण लेखी तक्रार वसतिगृहाकडून यावी लागते, आणि टाकी वाहते हे वसतिगृहात कुणाला माहीतच नव्हतं. आम्ही बादलीचा हिशेब कागदावर मांडला, काकांची सही घेतली आणि तो अभियंता कार्यालयात नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी बॉलकॉक बदलला गेला. त्याच वर्षी त्या वसतिगृहाच्या जिन्यात ‘पाणी वाचवा’ची भित्तिपत्रकं लागली होती. त्यांतली दोन मी रंगवलेली होती आणि ती रंगवण्यात माझी एक पूर्ण दुपार गेली होती. त्या दुपारी मी गच्चीवर गेले असते तर किती तरी रात्रींचं पाणी वाचलं असतं, हे अजूनही मनातून जात नाही.

यावरून माझी सर्वांत मोठी मागणी निघते. प्रत्येक इमारतीच्या विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे आम्हाला पाहू द्या, आणि ते इमारतीच्या दारात सगळ्यांना दिसतील असे लावा. आज संपूर्ण परिसराचं बिल एकत्र येतं आणि लेखा विभागात भरलं जातं. काही इमारतींना स्वतंत्र उपमीटर आहेत. ते कुलूपबंद खोलीत आपले फिरत असतात.

गेल्या वर्षी वायरमनदादांच्या मदतीने आम्हाला एका रात्रीपुरतं आमच्या विभागाच्या इमारतीचं उपमीटर वाचायला मिळालं. रात्री ११ वाजता एक आकडा लिहिला, पहाटे ५ वाजता दुसरा. सहा तासांत ८४ युनिट. इमारतीला कुलूप, आत माणूस नाही, आणि तरी सरासरी १४ किलोवॉट वीज सतत खर्च होत होती. त्यातला काही खर्च रास्तच आहे. नमुने साठवलेले फ्रीझर आहेत, सर्व्हर आहेत, जिन्यातले दिवे आहेत. ते बंद करा असं कुणी म्हणणार नाही. पण दुसऱ्या रात्री दादांबरोबर मजल्यामजल्यावर फिरलो तेव्हा बाकीचं दिसलं. संगणक प्रयोगशाळेतली यंत्रं पडदे काळे करून रात्रभर जागी होती. तीन वॉटर कूलर प्यायला कुणी नसताना पाणी गार करत होते. प्रसाधनगृहांतल्या एक्झॉस्ट पंख्यांची बटणं कपाटामागे गेली होती, त्यामुळे ते महिनोन्‌महिने कुणी बंदच केले नव्हते. दिवसाच्या आकड्यात हे सगळं मिसळून जातं. रात्रीचा आकडा वेगळा काढला की ते उघडं पडतं, म्हणून मीटर दोनदा वाचायचं, इमारत बंद झाल्यावर आणि उघडण्याआधी. याला पदवी लागत नाही, वही आणि पेन पुरतं.

आकडे दिसल्याने माणसं खरंच वागणं बदलतात का, असा प्रश्न बैठकीत येईल. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजने २००५ मध्ये हे करून पाहिलं. वसतिगृहांचा वीज-पाण्याचा वापर तिथल्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली आणि वसतिगृहांची आपापसांत दोन आठवड्यांची स्पर्धा ठेवली. त्या काळात विजेचा वापर ३२ टक्क्यांनी उतरला. पाण्याचा मात्र फक्त ३ टक्क्यांनी. हे दोन्ही आकडे मी मुद्दाम देते आहे. दिवा विद्यार्थ्याच्या हातात असतो, बॉलकॉक नसतो. जे आमच्या हातात आहे ते आम्ही बदलू. जे तुमच्या हातात आहे ते बदलायला आमचा कागद तुमच्या टेबलावर पोचला पाहिजे.

आता खताबद्दल, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची होती. मेसमधलं उष्टं आणि भाजीचा कचरा खड्ड्यात टाकून कंपोस्ट करायचं असं ठरवलं, परवानगी मिळवली, आणि पंधरा दिवसांत त्या बाजूने नाक दाबल्याशिवाय जाता येईना. माश्या, काळं पाणी, तक्रारींवर तक्रारी. खड्डा बुजवा असा आदेश आला आणि तो योग्यच होता. जे आधी वाचायला हवं होतं ते आम्ही नंतर वाचलं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण २५ ते ३० भाग लागतात. ओल्या अन्नात नत्र जास्त आणि पाणीही जास्त. ढिगात हवा शिरत नाही, मग हवेवाचून जगणारे जिवाणू माजतात, घाण सुटते आणि मिथेन तयार होतो. वजनास वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. आम्ही पर्यावरणासाठी म्हणून जे करत होतो ते असं निघालं. आणि जो कर्ब कमी पडत होता तो आपल्याच झाडांखाली पडलेला होता. वाळका पाला झाडून मैदानाच्या कोपऱ्यात रोज पेटवला जात होता. तिकडे पाला जळत होता, इकडे उष्टं सडत होतं, आणि दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटांची चाल होती.

दुसऱ्यांदा परवानगी मिळायला वर्ष गेलं. या वेळी परिसर झाडणाऱ्या मावशींना आधी विचारलं. कुठल्या झाडाचा पाला लवकर कुजतो, कुठला चामड्यासारखा चिवट राहतो आणि चुरून टाकावा लागतो, हे त्यांनी आम्हाला दाखवलं. आमच्यातल्या कुणाला ते माहीत नव्हतं. ओल्या कचऱ्याच्या एका थरावर पाल्याचे दोन-तीन जाड थर, आणि आठवड्याने फावड्याने सगळं खालीवर. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ढीग उकरला आणि आतून वाफ आली. थर्मामीटर खुपसला, ५८ अंश. तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकलं की रोगजंतू मरतात, तणाचं बीही बहुतेक मरतं. मावशींनी त्या वाफेवर दोन्ही तळवे धरले आणि मग आम्हा सगळ्यांना एकेक करून धरायला लावले. वास ओल्या मातीचा होता. ते खत आता ग्रंथालयामागच्या झाडांना जातं, आणि तिथला पाइपही आता कुंपणापर्यंत पोचतो.

त्या मावशींना, मामांना, काकांना, दादांना पर्यावरण समितीच्या बैठकीला आजवर कुणी बोलावलेलं नाही. समितीत प्राध्यापक आहेत, एक विद्यार्थी प्रतिनिधी आहे. पाणी कुठे मुरतं, कुठे गळतं, कचरा कुठे जातो हे ज्यांना रोज दिसतं ते बाहेर आहेत. त्यांना कामाच्या वेळात बैठकीला बसता आलं पाहिजे आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात गेलं पाहिजे. ही माझी दुसरी मागणी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

प्रयोगशाळांबद्दल मला अधिकाराने बोलता येईल, कारण माझे दिवस तिथेच जातात. फ्यूम हूड म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून घेणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट. ते खोलीतली हवा सतत ओढून बाहेर टाकतं. वातानुकूलित खोलीत ती हवा वीज खर्चून तयार केलेली असते. काच जितकी उघडी तितकीच हवा ओढणारे हूड जिथे आहेत, तिथे काम संपल्यावर काच खाली ओढली की बचत होते. ज्यांचा पंखा एकाच वेगाने फिरतो तिथे काच लावल्याने वीज वाचत नाही, पण सुरक्षेसाठी ती लावायलाच हवी. कुठल्या प्रयोगशाळेत कुठला प्रकार आहे याची यादी आपल्याकडे नाही. ती आम्ही दोन आठवड्यांत करून देऊ. तसंच उणे ८० अंशांवर चालणारे फ्रीझर. बऱ्याचशा नमुन्यांना उणे ७० पुरतं आणि त्यात वीज बरीच कमी लागते, हा अनुभव अनेक विद्यापीठांनी घेतलेला आहे. पण कुणी एकटा विद्यार्थी मार्गदर्शकांच्या फ्रीझरचं बटण फिरवू शकत नाही, आणि फिरवूही नये. तिथे विभागांशी चर्चा करून निघालेला आपला आदेश लागतो.

तारखांविषयीही बोलायला हवं. २२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन झाला. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या मनात तो मुळात विद्यापीठांच्या परिसरात होणाऱ्या चर्चासत्रांचा दिवस होता, आणि ज्यांच्यावर त्यांनी संयोजन सोपवलं ते डेनिस हेज तेव्हा २५ वर्षांचे होते. तारीख निवडताना विद्यार्थ्यांची वसंतातली सुट्टी संपलेली असेल आणि वार्षिक परीक्षा सुरू झालेली नसेल हे पाहिलं गेलं. त्या दिवशी सुमारे २ कोटी माणसं बाहेर पडली. आपल्याकडे उलट होतं. दिनविशेष आधी, विद्यार्थ्यांचं वेळापत्रक नंतर. ५ जूनला संदेश जरूर प्रसिद्ध करा, पण रोपं लावायची ती सत्र सुरू होताना, म्हणजे ज्यांनी ती लावली तेच पुढचे काही महिने त्यांना पाणी घालायला इथे असतील.

आपल्या बाजूच्या अडचणी मी समजू शकते. मीटरच्या खोलीत विद्यार्थ्यांना सोडणं धोक्याचं आहे, हे अगदी मान्य. वायरमनदादांशिवाय कुणी आत जाणार नाही, कशालाही हात लावणार नाही. उंबऱ्याबाहेरून आकडा दिसला तरी आम्हाला चालेल. आकडे उघडे झाले तर विद्यापीठाची नाचक्की होईल, हीही भीती कुणी बोलून दाखवली होती. मला वाटतं, १४ किलोवॉटचे ९ किलोवॉट झाले असं दारात लिहिता येणं हीच मोठी शोभेची गोष्ट होईल, आणि त्यासाठी आधी १४ लिहायची तयारी हवी.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती आमची आहे. आम्ही निघून जातो. दोन वर्षं, तीन वर्षं, फार तर माझ्यासारखी सहा. आमच्या मूळ गटातली मी शेवटची उरले आहे. बॉलकॉकची गोष्ट माहीत असलेली मैत्रीण गेली, खताच्या प्रमाणांची वही एकाच्या सामानात गेली आणि पुढच्या मुलांनी पुन्हा खड्ड्यात नुसतं उष्टं टाकलं. दर वर्षी पहिल्या इयत्तेपासून सुरुवात. झाडाला उभं राहायला जितकी वर्षं लागतात तितकी आम्ही इथे नसतो, पण विद्यापीठ असतं. म्हणून या कामासाठी एक कायमस्वरूपी व्यक्ती नेमा, एक खोली द्या, आणि त्या खोलीत नोंदवह्या राहू द्या. दर सत्राला दोन विद्यार्थ्यांना या कामाचे तास मानधनावर द्या. ज्यांना शिक्षणासाठी कमवावं लागतं ती मुलं केवळ वेळ नाही म्हणून यातून बाहेर राहतात, आणि त्यांच्याइतकी काटकसर दुसऱ्या कुणाला कळत नसते. सत्र संपताना जुन्यांनी नव्यांना परिसर फिरवून दाखवायचा, टाकीपासून ढिगापर्यंत, आणि वहीत दोघांनी सही करायची.

हे काम अभ्यासातही मोजलं जावं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे सगळ्यांना शिकवतात. मग आपल्याच १,००० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस झाला तर १०,००० लिटरपैकी किती हाती लागतं आणि किती वाहून जातं, हे मोजणं प्रात्यक्षिक का नसावं? स्थापत्यवाल्यांनी उतार काढावा, वनस्पतिशास्त्रवाल्यांनी जगलेली रोपं मोजावीत, वाणिज्यवाल्यांनी बिलाचा ताळेबंद मांडावा, भाषेच्या विद्यार्थ्यांनी मामा-मावशींच्या आठवणी लिहून काढाव्यात. ऑक्टोबर १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालवार इथे टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष ज्याँ मेयर यांच्या निमंत्रणावरून २२ विद्यापीठांचे प्रमुख जमले होते. त्यांनी केलेल्या १० कलमी जाहीरनाम्यावर पुढे ५०० हून अधिक विद्यापीठांनी सह्या केल्या. पर्यावरणाची जाण प्रत्येक विद्यार्थ्याला यावी आणि विद्यापीठाने स्वतःचा कारभारही तसाच चालवावा, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत. आपल्याकडे पहिल्यासाठी एक अनिवार्य विषय आहे. दुसऱ्याचं दार अजून उघडायचं आहे.

हे वाचणाऱ्या माझ्या धाकट्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्याशीही दोन शब्द. पर्यावरण मंडळाचं सदस्य व्हायचं की नाही, यात महिने घालवू नका. परिसरातली एकच जागा धरा. एक नळ, एक वर्गखोली, एक झाड. आठवडाभर रोज एकाच वेळी तिथे जा आणि जे दिसेल ते तारखेसह लिहा. मग त्या जागेची निगा ठेवणाऱ्या माणसाला शोधा, त्यांच्याकडून दहा मिनिटं ऐका, आणि नंतरच अर्ज लिहा. अर्जात एक आकडा आणि एक मागणी असू द्या. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी त्याच अर्जाची प्रत घेऊन पुन्हा जा. माझे निम्मे अर्ज दुसऱ्या फेरीत मंजूर झाले आहेत.

महोदय, माझा प्रबंध या सत्रात सादर होईल आणि मी इथून जाईन. त्याआधी एवढंच मागते आहे. रसायनशास्त्र इमारतीच्या मीटरची खोली दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी ७ वाजता वायरमनदादांच्या उपस्थितीत दहा मिनिटं उघडावी, असा एका ओळीचा आदेश काढा. आकडा लिहायला दुसऱ्या वर्षाचे दोघं तयार आहेत. फळा आम्ही आणला आहे. तो दाराशेजारी टेकवून ठेवला आहे, त्यावर महिन्यांची नावं लिहून झाली आहेत आणि पुढचे रकाने मोकळे आहेत. पहिल्या दिवशी आपण स्वतः आलात तर पहिला आकडा आपल्या हाताने लिहिला जावा अशी आमची सगळ्यांची इच्छा आहे.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्र विभागातील एक संशोधक विद्यार्थिनी